शिक्क्याचा उमेदवार

प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे पी.ई., हा परवाना मिळवण्याच्या खटपटीत असलेला मराठी सिव्हिल इंजिनिअर न्यू जर्सीत बऱ्याच गावी आढळतो. मर्सर काउंटीतले वेस्ट विंडसर त्याला विशेष मानवते. रूट वन हाताशी, प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कला थेट गाडी आणि मुलांना चांगली शाळा. वय चाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान. शिक्षण पुणे, सांगली नाहीतर माटुंग्याला, पुढे अमेरिकेत एम.एस. पोटापाण्याचा धंदा पूल, पाया आणि सांडपाण्याच्या वाहिन्या. ओळखण्याची खूण एकच: “पी.ई. झालं का?” असे विचारले की तो “चाललंय” म्हणतो. मुलगी किंडरगार्टनमध्ये होती तेव्हापासून हे चाललेले असते. आता ती गाडी शिकते.

या उमेदवारीचे मूळ अमेरिकी कायद्यात आहे. भारतात १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९३५च्या राजसनदेच्या आधारे चार्टर्ड इंजिनिअर ही उपाधी देते. अमेरिकेत सनद नाही, परवाना आहे, आणि तो प्रत्येक राज्य आपापला देते. पहिला कायदा वायोमिंगने १९०७ साली केला, कारण तिथे पाटबंधाऱ्याचे नकाशे वकील आणि नोटरीसुद्धा काढून देऊ लागले होते. न्यू जर्सीचा परवाना डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात चालत नाही आणि हडसनपलीकडे न्यूयॉर्कातही नाही. तिथे अर्ज वेगळा, फी वेगळी. सार्वजनिक कामाच्या आराखड्यावर परवानाधारकाची सही आणि शिक्का लागतो. त्यामुळे ऑफिसात गणिते उमेदवार करतो आणि शिक्का त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला साहेब मारतो. उमेदवाराला सलते ते हे.

गावातली परिस्थिती या सलण्याला खतपाणी घालते. शेजारी बहुतेक सॉफ्टवेअरमधले, आणि प्रत्येकाच्या कार्डावर सीनिअर, स्टाफ नाहीतर प्रिन्सिपल इंजिनिअर. त्यांना परवान्याची गरज पडत नाही. सॉफ्टवेअरसाठी पी.ई.ची परीक्षा २०१३ साली सुरू झाली खरी, पण बसायला माणसेच मिळेनात म्हणून २०१९ साली बंद पडली. ज्याने जन्मात एक वीट पाहिली नाही तो इंजिनिअर, आणि ज्याच्या पुलावरून तो रोज कामाला जातो त्याने मात्र कार्डावर काय छापावे याचा विचार करायचा, हा अन्याय उमेदवार गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत सविस्तर समजावून सांगतो. भारतातून पाहुणे आले की तो त्यांना गावातल्याच ग्रोव्हर्स मिलला नेतो. १९३८ सालच्या ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळवासी उतरले ते याच ठिकाणी. घाबरलेल्या गावकऱ्यांनी पाण्याच्या टाकीलाच मंगळवासी समजून गोळ्या झाडल्या, अशी आख्यायिका आहे. पाहुणे मंगळवासीयांबद्दल विचारतात. उमेदवार टाकीच्या पायांवर येणाऱ्या भाराबद्दल बोलतो.

परवान्याचा पहिला टप्पा कागदपत्रांचा. भारतातल्या पदवीचे मूल्यमापन व्हावे लागते आणि त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रके सीलबंद लिफाफ्यात यावी लागतात. हे काम पुण्यातल्या मेहुण्याकडे जाते. मेहुणा खिडकीपाशी पोचतो तेव्हा संबंधित साहेब जेवायला गेलेले असतात, आणि ते येतात तेव्हा खिडकी बंद होण्याची वेळ झालेली असते. लिफाफा मिळतो तो सीलशिवाय. सील मिळते तेव्हा त्यावर सही नसते. पुढे मूल्यमापनात वेगळीच उणीव निघे: गणित आणि अभियांत्रिकी भरपूर, पण समाजशास्त्र, इतिहास असल्या सामान्य शिक्षणाचे तास कमी. ही अट असतानाच्या काळातला उमेदवार मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसून मानसशास्त्र शिकला. ते कॉलेज वेस्ट विंडसरमध्येच आहे, एवढीच त्यातली सोय.

दुसरा टप्पा परीक्षांचा. पहिली एफ.ई., म्हणजे फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग: सहा तासांची बैठक, ११० प्रश्न. तीत कॉलेज सुटल्यापासून न भेटलेली समीकरणे पुन्हा समोर येतात. दुसरी खुद्द पी.ई.: ८० प्रश्न. पूर्वी या परीक्षेला स्वतःची पुस्तके नेता येत, त्यामुळे चाकांच्या बॅगा ओढत हॉलमध्ये शिरणारे परीक्षार्थी विमानतळावरचे प्रवासी वाटत. सिव्हिलची परीक्षा २०२२ साली संगणकावर गेली आणि बॅगा घरी राहिल्या. कॅल्क्युलेटर मात्र आपला नेता येतो, तोही ठरलेल्या मॉडेलांपैकीच. त्या यादीत कॅसिओचा एफएक्स-९९१ आहे. उमेदवाराच्या दृष्टीने संपूर्ण नियमावलीतली ही एकमेव माणुसकीची ओळ. ट्रंकेच्या तळातून कॉलेजातला कॅल्क्युलेटर निघतो. झाकणावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेली सूत्रे बायको थिनर लावून पुसते, कारण परीक्षा केंद्रात ती चालायची नाहीत.

तिसरा टप्पा अनुभवाचा. चार वर्षांचे काम लिहून द्यायचे आणि पाच शिफारसदार आणायचे, त्यांतले निदान तिघे स्वतः पी.ई. हवेत. कामात स्वतःचा वाटा नेमका कोणता, हे स्पष्ट लिहावे लागते. चारचौघांत बढाई मारायला न कचरणारा उमेदवार इथे एकाएकी संकोचतो आणि सगळे श्रेय टीमला देऊन मोकळा होतो. अर्ज परत येतो. शिफारसदारांत तो दहा वर्षांनी लहान असलेला साहेब असतोच; त्या काळात उमेदवार त्याला दुपारी चकली आणून देतो.

परवाना आला की उमेदवारी संपते आणि उपद्रव सुरू होतो. ईमेलच्या सहीत, दाराच्या पाटीवर, मराठी मंडळाच्या देणगीदारांच्या यादीत नावापुढे पी.ई. येते. पंधरा दिवसांत कोणीतरी स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत पाडायला काढतो. कंत्राटदाराने नकाशा काढलेला असतो आणि टाउनशिपला इंजिनिअरचा शिक्का हवा असतो. “अरे, नुसता शिक्का तर मारायचाय!” शिक्क्याच्या बदल्यात श्रीखंडाचा डबाही येतो. पण आपल्या देखरेखीखाली न झालेल्या कामावर शिक्का मारणे बेकायदा आहे. परवाना जाऊ शकतो. ती भिंत वरच्या मजल्याचा भार घेते की नाही, हे तुळया पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. ज्या शिक्क्यासाठी एवढी वर्षे घालवली तो न मारण्यातच त्याची खरी किंमत आहे, हे त्याला त्या डब्यासमोर पहिल्यांदा कळते. इथे तो बधला नाही, तर त्याला इंजिनिअर म्हणावे. बधला, तर तो अजून उमेदवारच.

परवान्याचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी २४ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. ते कितपत झाले असे विचारले, तर उत्तर “चाललंय” असेच मिळते. ज्यांना भिंत पाडायची आहे त्यांनी त्याच्याकडे तयार नकाशा घेऊन जाऊ नये. आधी त्याला घरी बोलवावे, तळघर दाखवावे आणि त्याची फी द्यावी.