डिझेल किती लागते?

शिडाच्या बोटीची गोष्ट काढली की आमच्या पांढुर्ण्यात पहिला प्रश्न ठरलेला: "डिझेल किती लागते बावा तिले?" विचारणारा माणूस वाईट नसतो, पण मला त्याचा त्रास होतो. 'म्हादेई' या शिडाच्या बोटीत इंजिन होतं. ते बंदरात शिरायला आणि बॅटऱ्या भरायला. तिच्यावरून दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीला वळसा घालून परतले, ते वाऱ्याच्या जोरावर. असं करणारे ते पहिले भारतीय. छप्पन्न फुटांची ती बोट गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात तयार झाली. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपतो आणि तो उठतो.

दुसरा त्रास बातम्यांचा. सागरी मैलाचा सरळ किलोमीटर करून टाकतात. पृथ्वीप्रदक्षिणा मानली जायला किमान २१,६०० सागरी मैल कापावे लागतात: विषुववृत्ताचे ३६० अंश, प्रत्येक अंशाचे साठ मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे एकूण चाळीस हजार किलोमीटर. '२१,६०० किलोमीटर' छापलं की जवळजवळ निम्मा समुद्र त्या माणसाच्या नावावरून वजा होतो. आणि वर फोटो तोफांच्या युद्धनौकेचा.

पण सगळ्यात जास्त झोंबतं ते हे: "एकटा मानूस काय करत असन इतके दिवस? झोपतच असन." एकट्या खलाशाला सलग झोप नसते. जहाजांच्या वाटेवर थोड्या थोड्या वेळाने उठून क्षितिज पाहावं लागतं, कारण मालवाहू जहाजाला एवढीशी बोट दिसेलच असं नाही. वारा एका अंगाने लागला की बोट कलते आणि दिवसचे दिवस कललेलीच राहते. झोपेत खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापडाची आड बांधायची. शेगडी झुलती असते, तरी वरण सांडतंच. गोडं पाणी मोजून वापरायचं. समुद्राच्या पाण्यात धुतलेले कपडे नीट वाळतच नाहीत. त्यांतलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सकाळी वाळलेला सदरा संध्याकाळी पुन्हा दमट. अंगावर पुरळ येतं ते वेगळंच. दोर कुठे घासतोय, शिवण कुठे उसवतेय, हे रोज हाताने चाचपायचं. दक्षिणेकडच्या थंड समुद्रात छताला आतून दव सुटतं आणि अंथरुणावर ठिबकतं. अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ याच 'म्हादेई'वरून कुठेही न थांबता फिरून आले. पाच महिने हे असं.

लोकांना मात्र वादळच ऐकायचं असतं. लाट किती उंच होती, भीती वाटली का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेक, होते, तेवढ्यापुरते कॅमेरे येतात, आणि बाहेरच्यांच्या लेखी पांढुर्णा म्हणजे दगड एवढंच उरतं. इथली संत्री, इथला वर्षभराचा रगाडा कोणी विचारत नाही. त्याचा आपल्याला राग येतो, आणि तो खराच आहे. मग आपणच बोटीला फक्त वादळावरून का ओळखावं?

"आपल्याकडं समुद्र कुठाय?" हेही ऐकून घ्यावं लागतं. जामचं पाणी कन्हानला जातं, कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी समुद्राला. आपल्याच मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याच्या नेहा ठाकूरने भोपाळच्या तलावावर शीड हाताळायला शिकून २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं. आणि 'म्हादेई'च्या प्रदक्षिणेची कल्पना ज्यांची, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथून तरी कुठला समुद्र दिसतो?

२०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून गोवा ते गोवा प्रदक्षिणा करून आल्या. बोटीवर दोघीच. एक पहाऱ्यावर असताना दुसरीने झोपून घ्यायचं. आठ महिन्यांच्या त्या सफरीत दोघी एकत्र जेवायला कधी बसल्या असतील, उठवायची वेळ झाली तरी एकीने दुसरीला किती वेळा झोपू दिलं असेल, हे विचारणारा माणूस सौसरपासून वरूडपर्यंत मला अजून भेटलेला नाही.