काचेची जबानी
सन 2012 च्या सप्टेंबरात नोकियाने ल्युमिया 920 या फोनच्या स्थिर चित्रणाची महती गाणारी जी चित्रफीत प्रसृत केली, तीत सायकलवरील तरुणीचे हास्य निष्कंप टिपले गेले होते खरे. परंतु वाटेतील एका खिडकीच्या काचेने, जाहिरात खात्याची परवानगी न घेता, पांढऱ्या व्हॅनमध्ये मोठा कॅमेरा सावरणाऱ्या इसमाचे प्रतिबिंब दाखवून सर्वांसमक्ष जबानी दिली. कंपनीने माफी मागितली. पुढे 2016 मध्ये हुवावेच्या पी9 ची थोरवी सांगताना झळकलेल्या छायाचित्राच्या अंतर्गत दप्तरात कॅननच्या महागड्या कॅमेऱ्याचे नाव निघाले, तेव्हा ते चित्र केवळ प्रेरणेसाठी होते, असा खुलासा झाला. आणि सुज्ञ ग्राहकाने तीच प्रेरणा घेऊन थेट कॅननचे दुकान गाठले असते, तर खुलासाकर्त्याला हरकत घेण्यास वावच उरला नसता.