मी नाही पाहिला, पण शेवट चुकीचा आहे

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत 'अमेरिकन जिगोलो' हा सिनेमा एकाही माणसाने पाहिलेला नाही. त्याबद्दल मत मात्र प्रत्येकाला आहे.

ज्या एखाद-दुसऱ्या वाचकाने तो खरोखरच पाहिला नसेल, त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिनेमा 1980 चा, दिग्दर्शक पॉल श्रेडर. नायक ज्युलियन, म्हणजे रिचर्ड गिअर, लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंत बायकांना पैसे घेऊन सोबत करतो. अंगावर अर्मानीचे सूट, बुडाखाली उघड्या टपाची मर्सिडीज. एका सिनेटरची बायको त्याच्या प्रेमात पडते. तेवढ्यात तो एकदा जिच्याकडे जाऊन आलेला असतो त्या बाईचा खून होतो आणि पोलीस याच्या दारात. खुनाच्या रात्री तो तिसऱ्याच बाईकडे होता. पण ती पडली घरंदाज. 'हा माझ्याकडे होता' असं ती नवऱ्यादेखत कशी सांगणार? थोडक्यात, 'मी तिथे नव्हतोच' हे सिद्ध करता न आल्याने माणूस गोत्यात येतो, अशी ही गोष्ट.

आमच्याकडे ही अडचण कुणालाच आली नाही. आमच्या प्रत्येक प्रेक्षकाचा 'मी तिथे नव्हतोच' आधीच तयार होता. एका काकांच्या हाताला पुतण्याचा मोबाइल लागला, तो चार्जिंगवरून काढताना सिनेमा आपोआप सुरू झाला आणि जवळपास दोन तास बंदच होईना. आमच्या भजनी मंडळाचे बुवा फक्त गाणं ऐकत होते. जॉर्जियो मोरोडरचं संगीत आहे, ठेका पखवाजावर बसतो का ते बघायचं होतं. बसतो म्हणाले. मग उरलेला सिनेमा कशाला बघितलात, असं विचारल्यावर ते म्हणाले, गाणं परत लागेल म्हणून थांबलो होतो.

सगळ्यात प्रामाणिक निघाला आमचा टेलर. तो कपडे बघत होता, आणि खरंच कपडेच बघत होता. ज्युलियन बाहेर जायच्या आधी पलंगावर कोट पसरतो, त्यावर शर्ट, शर्टावर टाय, आणि गाणं गुणगुणत कुठल्यावर कुठला शोभतो ते जुळवत बसतो. हे दृश्य टेलरने मला दुकानात मशीनवर फोन टेकवून थांबवून थांबवून दाखवलं. गळ्यात टेप, हातात खडू. "खांदा बघा भाऊ. आत कॅनव्हास नाय, पॅड नाय. कापड आपलं आपण पडलंय." बोलता बोलता त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवून आतलं अस्तर बाहेर काढलं आणि मला दोन्ही खांद्यांतला फरक बोटाने चाचपायला लावला. कोट डोळखांबच्या नवरदेवाचा होता. अर्मानीचं नाव त्या सिनेमाने अमेरिकेत घरोघरी नेलं हे खरं, पण मे महिन्यात हळदीच्या मांडवात डीजेसमोर तीन तास नाचल्यावर कुठलं कापड आपलं आपण पडतं, याचा अनुभव अर्मानीला नसावा.

हायवेवरच्या गॅरेजवाल्याला सिनेमा अजिबात आवडला नाही. आपल्याला अडकवायला कुणीतरी दागिने लपवलेत, असा ज्युलियनला संशय येतो. ते शोधायला तो आधी घर उलथंपालथं करतो, मग मर्सिडीज उसवायला घेतो. तिथे आमचा मिस्त्री हळहळला. खुनाबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. तालमीतल्या पोरांनी वेगळंच उचललं. ज्युलियन पायात कड्या अडकवून उलटा लटकतो आणि तशा अवस्थेत टेपवर स्वीडिश शिकतो. स्पर्धा परीक्षेत तीनदा आपटलेल्या एका मुलाने ही पद्धत आंब्याच्या फांदीवर करून बघितली. चालू घडामोडी सगळ्या डोक्यात उतरल्या, पण सरळ उभं राहिल्यावर परत खाली गेल्या, असं त्याचं म्हणणं.

नैतिक अधःपतनाची चर्चा पुरुषांतच जास्त. बायकांपैकी कुणी पाहिलाच नव्हता, तरी बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. पुरुषाने बाईकडून पैसे घ्यावेत म्हणजे काय, अशी कुणीतरी सुरुवात केली. गटाचं कर्ज काढून नवऱ्याच्या बाइकचे हप्ते भरणारी एक वहिनी शांतपणे म्हणाली, "आमचा पन घेतो की. वर सोबत पन देत नाय." त्यावर पुढे चर्चा झाली नाही. हप्त्याच्या वह्या उघडल्या.

टँकरवाल्याचं मत मात्र मला अनपेक्षित होतं. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतं. मुंबईच्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली, आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यावर टँकर फिरतो तोही शहापूर तालुक्यातच. "सव्वाशे वर्षं झाली, आपला तालुका रोज रात्री मुंबईला सोबत करतोय," तो म्हणाला. "त्या हिरोला निदान पैसे तरी मिळतात."

आता शेवटाकडे. तुरुंगात काचेपलीकडे ज्युलियन बसलेला असतो आणि सिनेटरची बायको नवऱ्याची इभ्रत झुगारून पोलिसांना सांगते, त्या रात्री हा माझ्याबरोबर होता. नव्हता. म्हणजे खरी साक्ष लाजेपोटी गप्प बसली आणि खोट्या साक्षीने जीव वाचवला. हा शेवट श्रेडरने रॉबेर ब्रेसाँच्या 1959 च्या 'पिकपॉकेट'वरून घेतला, त्यावर जाणकारांनी भरपूर लिहिलं आहे. आमच्या एका निवृत्त हवालदारसाहेबांचा आक्षेप साधा होता. खोटा साक्षीदार उभा करायला इतका उशीर? तो तर पंचनाम्याच्या वेळीच तयार पाहिजे.

मुरबाडकडच्या मंडळींना तर मूळ पेचच पटला नाही. त्या रात्री माणूस कुठे होता हे कुणालाच ठाऊक नाही, असं होईलच कसं? सरळगावच्या नाक्यावर रात्री दहानंतर बाइक कुठल्या दारात लागली, स्टँडवर की साइड स्टँडवर, हे सकाळी दुधाबरोबर किन्हवलीपर्यंत पोचतं. मुरबाडला रेल्वे अजून आली नाही, पण बातमी कधी लेट झाल्याचं ऐकिवात नाही. ज्युलियन इथला असता तर त्या घरंदाज बाईने तोंड उघडायची गरजच नव्हती. समोरची म्हातारी वेळेसकट सांगून मोकळी झाली असती, शिवाय चप्पल कुठली होती तेही.

अपवाद एकच. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटेचा शपथविधी झाला आणि शहापूरचे आमदार दौलत दरोडा कुठे आहेत हेच कळेना. ते बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलीस ठाण्यात गेली. सबंध तालुक्यात एकाही म्हातारीला काही सांगता आलं नाही. दोन-तीन दिवसांत दरोडा दिल्लीकडून परतले आणि आपण पक्षाबरोबरच आहोत, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसांत एकट्या त्यांचीच नाही, महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक आमदारांची सोबत करायला हॉटेलांबाहेर पहारे होते. पटकथा म्हणून बघाल तर श्रेडरपेक्षा सरस. फक्त कपड्यांकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

बाकी बंदीची मागणी व्हायचीच होती. 1972 साली 'सखाराम बाइंडर' आलं तेव्हाही झाली होती. तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक कमलाकर सारंग, सेन्सॉरची कात्री आणि शेवटी हायकोर्ट. पण तेव्हा संस्कृती बुडालेली बघायची तर तिकीट काढून रांगेत उभं राहावं लागे, आणि मागच्या रांगेत सासरे निघण्याची भीती असे. जत्रेतल्या तंबूत तर अख्खं गावच साक्षीला. आता ती मोबाइलवर, गोधडीत बुडते.

यंदा आमच्या एका युवा नेत्याने सिनेमाविरुद्ध थेट तहसीलदारांना निवेदन दिलं. कुठल्या तालुक्याच्या ते सांगत नाही. आपण स्वतः तो पाहिलेला नाही, हे पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत होतं. त्याखाली आक्षेपार्ह दृश्यांची यादी, मिनिटा-सेकंदासकट. फोटो काढून झाले, घोषणा झाल्या. आवक शिक्का मारणाऱ्या बाबूने चष्मा वर करून यादी वाचली, पेन काढलं आणि निवेदन परत नेत्याच्या हातात ठेवलं.

"साहेब, पाचवा आक्षेप सत्तेचाळीसाव्या मिनिटाला नाही. दुरुस्त करून आणा."