सहा दातांचं हसू

प्रत्येक हाउसिंग सोसायटीला एक खजिनदार असतो आणि तो हसत नाही. अध्यक्ष हसतात, कारण त्यांना काही करायचं नसतं. सेक्रेटरी कसनुसं हसतात, कारण सगळं त्यांनाच करायचं असतं. खजिनदाराला ही चैन परवडत नाही. तो एकदा हसला की समोरचा सभासद मेंटेनन्सचा चेक पुढच्या महिन्यावर ढकलतो.

आमचे खजिनदार या बाबतीत अगदी चोख. बँकेतून निवृत्त, काखेत पावतीपुस्तक, खिशाला दोन पेनं आणि कपाळावर कायम कुणाची तरी मागील बाकी. हसू अगदीच अनावर झालं तर पावतीपुस्तक तोंडासमोर धरायचे. पावती लिहिताना पेनाचं टोपण पुढच्या दातांत असायचं, त्यामुळे त्यांचे दात आम्ही पाहिले ते टोपणाच्या आजूबाजूला दिसले तेवढेच. वरच्या दोन दातांत फट होती, एकाचा कोपरा सेलोटेप तोडता तोडता उडाला होता, आणि रंग बँकेच्या कँटीनमधल्या चहाने ठरवून टाकला होता. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती आणि आमचीही नव्हती.

तक्रार केली ती फोटोग्राफरने. मुलीचं लग्न ठरलं. हल्ली लग्नाआधी एक फिल्म काढतात आणि तीत वधूपित्यालाही थोडं काम असतं. "काका, जरा मोकळं हसा," असं तो पोरगा म्हणाला. खजिनदार हसले. त्याने कॅमेऱ्यात पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मघाचंच बरं होतं, काका."

दुसऱ्या दिवसापासून कोटेशनं मागवायला सुरुवात झाली. खर्चाची बाब निघाली की तीन कोटेशनं हवीतच, मग ते गच्चीचं वॉटरप्रूफिंग असो की स्वतःची बत्तिशी. तीन दवाखाने पालथे घातले आणि रविवारी तुलनात्मक तक्ता तयार झाला. विषय: व्हिनिअर. दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचं हे एक कवच, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं, म्हणजे नखाइतकं. त्याखाली फट जाते, टवका जातो, चहाही जातो. यात दोन जाती. कॉम्पोझिटचं कवच डॉक्टर खुर्चीतच दातावर घडवतात. एका बैठकीत काम होतं, पैसे कमी पडतात, तुटलं तर डागडुजी होते. पण चहा-हळदीचे डाग धरतं आणि काही वर्षांत त्याची रया जाते. पोर्सेलिनचं लॅबमधून बनून येतं आणि दातामागे पाच आकडी रक्कम मागतं, पण डागाला दाद देत नाही आणि नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं सहज काढतं. खजिनदारांनी दोन्हींचा वार्षिक घसारा काढला, स्वतःच्या वयाशी ताडून पाहिला आणि पोर्सेलिनच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

घोडं अडलं ते संख्येवर. डॉक्टरबाईंनी त्यांना हसायला लावून फोटो काढले, व्हिडिओ काढला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही मोकळं हसता तेव्हा वरचे दहा दात दिसतात. निदान आठ तरी करूया." "डझनावर काही सूट?" असं खजिनदारांनी विचारून पाहिलं. सूट नव्हती. मग ते घरी येऊन आरशासमोर बसले. माणसं हसू आलं की हसतात. खजिनदारांनी हसण्याचं अंदाजपत्रक मांडलं. उजव्या सुळ्यापासून डाव्या सुळ्यापर्यंत दात सहा. ओठ तिथे थांबले पाहिजेत, पुढचा एकही दात उघडा पडता कामा नये. आठवडाभर तालीम चालली. पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरबाईंना ते करून दाखवलं आणि त्याच अवस्थेत, ओठ न हलवता म्हणाले, "मी एवढंच हसणार. सहाच बसवा."

सहा ठरले. मग रंग आला. दातांच्या रंगाची एक शेड गाइड असते. पट्टीवर ओळीने सोळा खोटे दात, ए-वनपासून डी-फोरपर्यंत. सोसायटीच्या बाहेरच्या रंगाचं कार्ड तीन मीटिंगा पुरवणारा माणूस तो! पट्टी घेऊन थेट खिडकीशी गेले. "अगदी बरोबर, रंग दिवसाच्या उजेडातच बघायचा असतो. तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरबाईंना कौतुक वाटलं. "मी साड्या अशाच घेते," वहिनी म्हणाल्या.

"ए-वन म्हणजे एक नंबरचा माल ना? तोच द्या," खजिनदार म्हणाले. डॉक्टरबाईंनी पट्टीतला एकेक दात त्यांच्या दाताला लावून पाहिला आणि निकाल दिला, "तुमचा आत्ताचा ए साडेतीन आहे." महाराष्ट्रात साडेतीनाला मान मोठा. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणे साडेतीन. खजिनदारांना क्षणभर बरंच वाटलं. पण आकडा चढतो तसा रंगही गडद होत जातो, हे कळल्यावर ते पुन्हा ए-वनवर आले. डॉक्टरबाई समजावत होत्या की वरचे सहाच लखलखीत झाले आणि शेजारपाजारचे साडेतीनावरच राहिले तर ते सहा वेगळे दिसतील. त्यापेक्षा आधी बाकीच्या दातांचं ब्लीचिंग करू, दोनेक आठवडे रंग स्थिरावू देऊ आणि त्याला जुळवून व्हिनिअर बनवू; कारण पोर्सेलिनवर ब्लीच चालत नाही, आज ठरेल तो रंग कायमचा. "खालचे दात कोण बघतंय?" असं म्हणत खजिनदारांनी ब्लीचिंगची रक्कम खोडली. शेवटी मधला मार्ग म्हणून ए-टू ठरला. "एकदम नैसर्गिक दिसतील, काका. कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे ऐकून ते खूश झाले. त्या वाक्यातली मेख त्यांना पुढे कळली.

कवच बसायला जागा हवी म्हणून दाताचं एनॅमल थोडं घासावं लागतं. घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. एकदा व्हिनिअर लावलं की त्या दाताला जन्मभर काही ना काही पांघरूण लागतंच. संमतीपत्रातली सगळी कलमं खजिनदारांनी वाचली आणि समासात 'परतावा नाही, हे समजले' असं लिहून सही केली. लॅबचं काम होईपर्यंत तात्पुरती कवचं मिळाली. ती लावल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांना इंग्रजीत पन्नासपासून साठपर्यंत मोजायला सांगितलं. इंग्रजी 'एफ' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. कुठे टेकते त्यावरून दाताची लांबी बरोबर आहे की नाही ते कळतं. खजिनदार सरळ मोजत गेले. "फिफ्टी-फाइव्ह"ला मात्र थबकले, चेहरा उतरला, आणि त्यांनी हळूच विचारलं, "थाउजंड?" "तुम्ही मोजत राहा, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तात्पुरती कवचं हळदीने पिवळी पडतात म्हणून त्या दिवसांत वरण, पोहे, बटाट्याची भाजी सगळं बंद. मराठी घरातून हळद काढली की उरतो दहीभात. खजिनदार दोन वेळा दहीभात खात होते आणि वहिनी समोर बसून म्हणत होत्या, "एवढे पैसे घातलेत ते न खाण्यासाठीच का?"

अखेर खरे दात बसले, आणि एका रविवारी सकाळी खजिनदार गेटपाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसू लागले. सोसायटीत घबराट पसरली. दोन सभासदांनी सिंकिंग फंडाचा हिशोब ताबडतोब मागितला. बी विंगमधल्या आजींनी वहिनींना बाजूला घेऊन "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?" असं विचारलं. पण दात कोणाला दिसेनात. "वजन उतरलं वाटतं?" "चष्मा बदललात?" "जावई अमेरिकेतला मिळाला म्हणे!" एकाने तर छातीठोक सांगितलं, "मिशी काढलीत तुम्ही." मिशी त्यांना कधीच नव्हती. त्या महिन्यात फरक पडला तो एकच, मेंटेनन्सची थकबाकी वाढली.

माणसांची ही एक स्वतंत्र जात आहे. त्यांना दिसू नये असं काहीतरी हवं असतं आणि ते दिसलं नाही की जिवाला लागतं. केस रंगवतील ते रंगवलेले वाटू नयेत असे, आणि मग "या वयात केस काळेभोर कसे हो?" असं कोणी विचारावं म्हणून लग्नसमारंभात पहिल्या रांगेत बसतील. पलीकडच्या गल्लीतल्या एका हौशी गृहस्थांनी असेच दात करून घेतले होते; रंग असा पांढराफेक की संध्याकाळी आधी दात येत आणि मागून ते स्वतः येत. खजिनदार पूर्वी त्यांची यथेच्छ टिंगल करायचे. आता म्हणू लागले, "काही म्हणा, त्याचे पैसे दिसतात तरी."

कोणी विचारेना, म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. जागा लिफ्टची निवडली, कारण तिथून श्रोता पळू शकत नाही. तळमजल्यावर दार बंद झालं की 1928 साल उगवायचं. कॅलिफोर्नियातला दंतवैद्य चार्ल्स पिंकस. त्याने सिनेमातल्या नटांसाठी दातांवर बसवायची कवचं काढली, पण ती टिकाऊ नव्हती. कवळीच्या पावडरीने चिकटवायची, शॉट झाला की काढून ठेवायची. लहानग्या शर्ली टेंपलच्या पडलेल्या दुधाच्या दातांची त्यानेच अशी सोय केली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत 1955 साल यायचं: मायकेल बुओनोकोर. त्याने दाखवून दिलं की एनॅमलला आधी फॉस्फोरिक ॲसिड लावलं तर ते सूक्ष्मसं खडबडीत होतं आणि रेझिन त्याला घट्ट धरतं. "ॲसिड? ते बाथरूमच्या फरशीला लावतात ते?" असं कोणी विचारलं की त्यांना भरून यायचं, कारण खुर्चीत बसून हाच प्रश्न त्यांनीही विचारला होता. चौथ्या मजल्यावर 1980 च्या दशकाची सुरुवात: पोर्सेलिनच्या आतल्या बाजूलाही ॲसिड लावायची युक्ती सापडली आणि कवच कायमचं बसायला लागलं. पाचव्या मजल्यावर दार उघडायचं, तेव्हा खजिनदार ओठ सुळ्यांपर्यंत नेऊन थांबलेले असायचे. तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका हल्ली जिन्याने जातात. गुडघे दुखतात, तरी जातात.

दातांनी बाकीच्या सवयी मात्र बदलल्या. टोपण आता टेबलावर असतं. सेलोटेपसाठी कात्री आली, तिचं व्हाउचर खर्ची पडलं. पेरूच्या फोडी होऊ लागल्या, कणसाचे दाणे सुरीने सुटू लागले. दिवाळीत मी फराळाला गेलो तेव्हा ते चकली घेऊन बसले होते आणि अडकित्त्याने तिचे तुकडे पाडत होते. प्रत्येक तुकडा उचलून, पुढचे सहा दात ओलांडून, थेट दाढेवर पोचवत होते. चकलीचा पहिला घास पुढच्या दातांनी कडकन मोडण्यात जे सुख आहे ते गेलंच होतं. पण चेहऱ्यावर तृप्ती होती, कारण वाचवलेल्या प्रत्येक दाताची किंमत त्यांना पाठ होती.

लग्न थाटात झालं. अल्बम आला तो मीही पाहिला. ठरवून काढलेल्या प्रत्येक फोटोत खजिनदार तेच सहा दातांचं हसू हसतायत. मुलीच्या पाठवणीच्या फोटोतसुद्धा, कारण तेव्हा फोटोग्राफरने सवयीने "स्माइल, काका" म्हटलं आणि यांनी सवयीने आज्ञा पाळली. खरे हसलेले फक्त एकदा. व्याह्यांनी काहीतरी फर्मास विनोद केला होता, खजिनदारांचे डोळे मिटलेत, खांदे वर गेलेत, मान मागे पडलीय आणि हातातली आहेराची पाकिटं जुन्या सवयीने तोंडासमोर गेलीत. वहिनींनी तोच फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. खजिनदारांचं म्हणणं, "यात खर्चातलं काहीच दिसत नाही."

दात ओळखले ते अखेर एकाच व्यक्तीने. व्याह्यांच्या आत्याबाई, वय ऐंशीच्या पुढे. पंगतीत खजिनदार आग्रह करायला वाकले, हसले, आणि आत्याबाईंनी जिलबी खाली ठेवली. "दात नवीन दिसतायत हो!" त्या म्हणाल्या. खजिनदारांना कुठे ठेवू अन् कुठे नको असं झालं. ते चक्क शेजारी मांडी घालून बसले.

"कवळी फार सुरेख बसलीय," आत्याबाई म्हणाल्या. "कुठे केलीत? माझी मेली हलते."

"कवळी नाही, आत्याबाई. दात माझेच आहेत."

"तुमचेच की. पैसे तुम्हीच दिलेत ना?"

खजिनदारांनी घाईघाईने तळमजल्यापासून सुरुवात केली. पिंकस झाला, बुओनोकोर झाला, एनॅमल झालं, ए-टू झाला. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "लग्नघर आहे, मी कोणाला सांगायची नाही. आमचे हे तर सुरुवातीची दोन वर्षं मलासुद्धा असंच सांगायचे."