शेवटच्या पानाचा पानिपतकर

मराठी लेखकाला वाचक कमी पडू लागले की तो पानिपतावर जातो. प्रत्यक्ष जावे लागत नाही, मथळ्यात नाव घातले की भागते. १४ जानेवारी उजाडली की तिळगुळाबरोबर सदाशिवरावभाऊंच्या चुका वाटत फिरणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ‘भाऊंच्या जागी मी असतो तर’ एवढ्या भांडवलावर लेखमाला निघतात. भाऊंच्या जागी ही मंडळी खरोखर असती तर लढाई दुपारपर्यंतही चालली नसती, हा भाग वेगळा.

हल्ली वाचक वाढवून देणारे गुरूही निघाले आहेत. चहा-नाश्त्यासह दोन दिवसांचे असे एक शिबिर मी केले. गुरूंच्या नावावर एकच पुस्तक आहे, विषय अर्थातच वाचक कसे वाढवावेत. मथळ्यात प्रश्नचिन्ह हवे, आठवड्याला एक भांडण उकरून काढावे, वाचकाला दुखवू नये आणि लेख दोन मिनिटांत संपवावा. रीच, एंगेजमेंट, ऑडियन्स असे सगळे झाल्यावर गुरू म्हणाले, “वाचकांवर विश्वास ठेवा.” मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, “विश्वास गेला पानिपतात!” दोन दिवसांतले तेवढेच मराठी. एका बाईंनी भीत भीत विचारले, “पण सर, लिहायचं काय?” तो पुढच्या शिबिराचा विषय आहे, फी वेगळी.

खुद्द पानिपत दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर आपल्या उद्योगात आहे. ब्लँकेटे, सतरंज्या आणि पचरंगा लोणचे ही त्याची आजची कीर्ती. जगाने टाकून दिलेले स्वेटर आणि कोट इथे गठ्ठ्यांनी येतात. बायका बसून त्यांची बटणे, चेन कापून काढतात, रंगानुसार ढीग लावतात, मग सगळे फाडून, पिंजून पुन्हा सूत होते. आमचे जानेवारीतले लेख असेच तयार होतात. फक्त आम्ही बटणे काढत नाही.

याच गावाने दोन लेखक दिले, आणि दोघेही गुरूंच्या परीक्षेत साफ नापास झाले असते. पहिले अल्ताफ हुसेन हाली. वाचकाला दुखवू नये म्हणतात, तर या गृहस्थांनी १८७९ साली ‘मुसद्दस’ हे दीर्घ काव्य काढून आपल्याच समाजाला ‘तुम्ही रसातळाला गेला आहात’ असे पानोपानी सुनावले. लोकांनी ते पाठ केले. देवाने काय केलेस असे विचारले तर हालींकडून मुसद्दस लिहून घेतली असे सांगेन, असे सर सय्यद अहमद खान म्हणत. शिव्या खाऊन एवढा खूश झालेला वाचक पुढे कुठल्याच लेखकाच्या वाट्याला आला नसावा.

दुसरे त्यांचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास, जन्म १९१४. ‘आवारा’, ‘श्री ४२०’, ‘बॉबी’ लिहिणारे, ‘सात हिंदुस्तानी’त अमिताभ बच्चन यांना पहिली भूमिका देणारे तेच. राज कपूरसाठी लिहिले ते चालले. स्वतः काढलेले बहुतेक चित्रपट आपटले. ‘शहर और सपना’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पण सुवर्णपदक दाखवून कर्ज फिटत नाही. या सगळ्या धबडग्यात ते मुंबईत एक साप्ताहिक सदर लिहीत होते. नाव ‘लास्ट पेज’. आधी ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये, पुढे संपादक करंजियांच्या ‘ब्लिट्झ’मध्ये.

नाव लास्ट पेज आणि जागाही शेवटचे पान! पहिल्या पानासाठी संपादकाच्या घरी हापूसची पेटी पोचवणाऱ्या आमच्या पिढीला हा आत्मघात वाटेल. त्यात ‘ब्लिट्झ’च्या त्या पानावर अब्बास यांच्या शेजारी तोकड्या कपड्यांतल्या तरुणीचा फोटो असे. समाजवाद डाव्या हाताला घ्यावा की उजव्या, एवढाच काय तो प्रश्न. अंक उलटा धरून मागून सुरुवात करणारे सभ्य गृहस्थ लोकलमध्ये ‘अब्बास वाचतोय’ म्हणत असतील. त्यांतल्या काहींनी खरोखर वाचले असणार. एरवी चार दशकांहून अधिक काळ कुठला संपादक एका माणसाला तेच पान देत राहील? विषयही फिरून फिरून तेच, गरिबी, फूटपाथ, नेहरू, दंगली. मथळ्याची युक्ती नाही. शुक्रवार आला की मजकूर तयार नाही, ही सबबही नाही. १९८७च्या जूनमध्ये अब्बास गेले तोवर सदर चालू होते.

तेव्हा माझा निकाल असा की वाचक वाढवण्याचा एक उपाय सिद्ध झालेला आहे आणि तो फार कंटाळवाणा आहे. शिबिराची फी परत मागितली, तर गुरूंनी अभिप्रायाचा अर्ज पाठवला.

हे सदर दर रविवारी सातव्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली असते. शेजारी फोटो नाही, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.