नवशिक्यांच्या हितार्थ

गेम प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे लिहिण्याच्या स्पर्धेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परीक्षक मंडळात एकही नवशिका येणार नाही, ही दक्षता तर विशेष स्तुत्य; धडा सोपा आहे की नाही, हे त्याला काय कळणार? विजेत्या धड्यात पहिल्या पानावर पायथन बसवतात, दुसऱ्यावर चेंडू हलवतात आणि तिसऱ्यावर ‘हे उघडच आहे’ म्हणत मॅट्रिक्सचा गुणाकार उरकतात. १९७२ साली अटारी कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न यांना निव्वळ सराव म्हणून ‘पाँग’ करायला दिला होता. बिचाऱ्यांच्या हाती असे धडे नव्हते, त्यामुळे थेट गेमच करावा लागला. आता तशी आपत्ती कोणावर ओढवणार नाही. पुढील वर्षी धडे कसे लिहावेत याच्या धड्यांची स्पर्धा घ्यावी. गेम पूर्ण केलेले अर्जदार अर्थातच अपात्र.