टायरपारखी

आंबा हाती येताच तो दाबून पाहणारे आणि विक्रेत्याच्या कपाळावरील आठीकडे ढुंकूनही न पाहणारे गिऱ्हाईक मराठी वाचकास चांगले परिचित आहे. त्याच गोत्रातील, परंतु आंब्याऐवजी रबर दाबणारा जो गृहस्थ अमेरिकेतील जुन्या धावपट्ट्यांवर आणि स्टेडियमांच्या ओस वाहनतळांवर रविवारी सकाळी हटकून आढळतो, त्यास येथे टायरपारखी म्हटले आहे. त्याचे वय बहुधा पन्नाशीपुढचे, कपडे बेताचे आणि उजव्या अंगठ्याचे नख मुद्दाम किंचित वाढवलेले असते. हे नख त्याचे आद्य उपकरण होय, आणि त्याचा उल्लेख पुढे वारंवार येणे अटळ आहे, कारण तो स्वतःच ते वारंवार पुढे करतो.

त्याचा खेळ ऑटोक्रॉस. भारतात या नावाने बहुधा मातीच्या कच्च्या मार्गावरील धावाधाव सुचते. अमेरिकेत मात्र डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या पटांगणात प्लास्टिकचे शंकू मांडून वळणांचा मार्ग आखतात, त्यावरून एकेक मोटार एकेकटी सोडतात, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे तीत २ सेकंदांची भर घालतात. १९४४ साली स्थापन झालेली स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून भरवीत आली असून २००९ पासून तिचे ठिकाण नेब्रास्का राज्यातील लिंकन हे आहे. तेथे दोन दिवसांत दोन मार्गांवर प्रत्येकी ३ फेऱ्या मिळतात आणि प्रत्येक मार्गावरील उत्तम वेळ तेवढी हिशेबात धरतात. एक फेरी सुमारे मिनिटभराची असल्यामुळे वर्षभराच्या तपश्चर्येचे फळ सहा मिनिटांत पदरात पडते, आणि त्यांतीलही चार मिनिटे धरली जात नाहीत.

टायरपारख्याची मोटार उघड्या चाकांची, म्हणजे चाकांवर मडगार्ड नसलेली, एकाच माणसापुरती आणि कमालीची हलकी असते. फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रसामग्रीवर बेतलेली फॉर्म्युला व्ही, बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलचे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली फॉर्म्युला ५०० आणि चालकासह अर्ध्या टनाच्या आसपास भरणारी फॉर्म्युला फोर्ड हे तिचे प्रसिद्ध प्रकार. या हलकेपणातच त्याच्या दुःखाचे मूळ आहे. शर्यतीचा गुळगुळीत, नक्षीविरहित टायर, ज्याला स्लिक म्हणतात, तो तापल्यावाचून रस्ता धरीत नाही, आणि हलक्या मोटारीखाली मिनिटभरात तो तापत नाही. बंदिस्त ट्रॅकवर अर्धा तास धावणाऱ्यांसाठी बनवलेला टायर येथे कोमट होईपर्यंत फेरी संपलेली असते. शेजारच्या जड सेडानचा मालक फेरी संपताच फवारणीच्या पंपाने टायरांवर पाणी मारून त्यांना निववत असतो, तेव्हा टायरपारखी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो, तिचे वर्णन सभ्य ग्रंथात करता येत नाही. एकाच मोटारीवर दोन चालकांना भाग घेण्याची मुभा असल्याने तो सहसा एक भागीदार जोडतो. भागीदाराचे कौशल्य तो पाहत नाही, कारण पाळीपाळीने धावून टायर गरम ठेवण्यापुरताच त्या सद्गृहस्थाचा उपयोग असतो, आणि तो स्वतःपेक्षा वेगवान निघाल्यास पुढील वर्षी बदलला जातो.

अशा स्थितीत मऊ रबर शोधणे हाच एक मार्ग उरतो. रबर, काजळी, तेले आणि गंधक यांच्या ज्या मिश्रणातून टायरची घसरत्या पृष्ठभागाशी असलेली मैत्री ठरते, त्यास कंपाउंड म्हणतात. हूझियर या कंपनीच्या मिश्रणांना आर-२५, आर-३५ अशी नावे असून साधारणतः आकडा लहान तसे रबर मऊ. मऊपणा मोजण्यासाठी ड्युरोमीटर नावाचे, बोथट सुई रबरात रुतवून आकडा दाखवणारे खिशातले यंत्र मिळते. ते प्रत्येक टायरपारख्याजवळ असते, बायकोने वाढदिवसाला दिलेले असते आणि नखाने लावलेल्या निदानाची पुष्टी करण्यापुरतेच बाहेर निघते. पुष्टी न झाल्यास यंत्र दुरुस्तीला जाते.

नखाचा अंमल मैदानापुरता राहता तर या व्यक्तिविशेषाची नोंद घेण्याचे कारण नव्हते. परंतु औषधांच्या दुकानात गरम पाण्याची रबरी पिशवी दिसली की नख पुढे होते, बँकेतील रांगेत पुढच्या वृद्धेच्या काठीचे रबरी बूड दिसले की ते वळवळू लागते, आणि दवाखान्यात स्वतःला चाकांच्या खुर्चीवरून नेले जात असतानाही खाली वाकून चाकाची परीक्षा होतेच. नातवाच्या तोंडातील चोखणी काढून, तीवर नख रोवून, 'पंचेचाळीस असावे' असा निर्णय देऊन ती पुन्हा तोंडात देणारा आजोबा हा या जातीचा आदर्श नमुना समजावा. नातू रडतो तो नखामुळे की आकड्यामुळे, याविषयी घरात मतभेद असतात.

खरेदी हा स्वतंत्र प्रांत आहे. हूझियरचा कारखाना इंडियाना राज्यातील प्लिमथ येथे आहे, तर अमेरिकन रेसर हे टायर बनवणारी कंपनी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना नावाच्या गावची. त्यामुळे 'ते इंडियानाला गेलेत' एवढ्याच उत्तरावर पत्नी संतुष्ट असते आणि अधिक चौकशी करीत नाही. नव्या संचाची किंमत झेपत नाही तेव्हा तो टेक-ऑफ शोधतो, म्हणजे मोठ्या पथकांनी थोडे वापरून उतरवलेले टायर, जे स्वस्त मिळतात आणि ज्यांच्या पूर्वायुष्याविषयी विकणारा शपथेवर खोटे बोलतो. मग फीत घेऊन परीघ मोजणे आले, कारण एकच माप छापलेल्या दोन टायरांचा घेरही नेमका सारखा नसतो आणि मागच्या चाकाचा व्यास बदलला की गिअरांचा सारा हिशेब बदलतो.

यापुढचा भाग साठवणीचा, आणि तेथे शोकांतिका सुरू होते. तापण्या-निवण्याच्या प्रत्येक आवर्तनात रबरातील तेले उडतात, गंधकाचे बंध घट्ट होतात आणि टायर कडक होत जातो. न वापरता ठेवला तरी काळ तेच काम सावकाश करतो. ऊन वर्ज्य, विजेच्या मोटारींतून निघणारा ओझोन वायू वर्ज्य, गोठणबिंदूखालची थंडी वर्ज्य. म्हणून हिवाळ्यात गॅरेज बाद होते, काळ्या पिशव्यांत बांधलेले संच पाहुण्यांच्या खोलीत जातात आणि पाहुण्यांना जवळच्या मोटेलचा पत्ता मिळतो. त्यांतील उत्तम संच 'ठेवणीतला' असतो. तो लिंकनसाठी राखलेला असतो. पण लिंकनला ऊन जास्त निघते, किंवा पाऊस येतो, किंवा यंदाची मोटार त्या संचाच्या लायकीची वाटत नाही, आणि तो परत पिशवीत जातो. पुढल्या वर्षी पिशवी उघडून नख लावले की ते रुतत नाही. अशा वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये.

अलीकडे तर मालाचीच वानवा होऊ लागली आहे. इंग्लंडमधील मेल्कशम येथे शतकाहून अधिक काळ टायर बनवणारा एव्हॉनचा कारखाना २०२३च्या अखेरीस बंद झाला; तेरा इंची चाकांच्या जुन्या मोटारींसाठी कोण किती काळ साचे जपणार, हा प्रश्न प्रत्येक हिवाळ्यात अधिक मोठ्याने विचारला जातो, आणि तो विचारणारी माणसे प्रत्येक हिवाळ्यात थोडी कमी होतात. एखाद्या जुन्या सोबत्याच्या अंत्ययात्रेत काळा सूट घातलेला टायरपारखी सर्वांच्या मागे राहतो, शववाहिकेच्या मागल्या चाकापाशी वाकतो, आणि उठून काहीच आकडा सांगत नाही. निंदा करण्यासाठी सरसावलेल्या अभ्यासकाची लेखणी या ठिकाणी अडते, हे मान्य केले पाहिजे.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने नोंदवावी लागते. आपले कंपाउंड कोणते, हे जो सख्ख्या भावाला सांगत नाही, कडेवरचे आकडे खडूने पुसट करतो आणि हवेचा दाब मोजताना पाठ फिरवतो, तोच गृहस्थ ऐन लिंकनमध्ये कट्टर प्रतिस्पर्ध्याचा टायर फुटला की तडक आपल्या ट्रेलरकडे जातो, पिशवीतला ठेवणीतला संच काढतो आणि स्वतःच्या हाताने त्याच्या मोटारीला बसवून देतो. प्रतिस्पर्धी जिंकतो, टायरपारखी सेकंदाच्या काही शतांशांनी दुसरा येतो, आणि त्यानंतर विचारणाऱ्या व न विचारणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत सुटतो की त्या वर्षीची पहिली दोन्ही पारितोषिके त्याच्याच टायरांनी पटकावली; मात्र संच परत आला तेव्हा डाव्या मागल्या चाकात हवा अर्धा पौंड कमी होती, हेही सांगायला तो विसरत नाही.